गॅव्हिन रॅमेज कुणाचा?

मॉर्ना रॅमेजने आपल्या खापरपणजोबांच्या थडग्यासाठी नवा दगड घडवायला टाकला, तेव्हा त्यावर काय कोरायचं याबद्दल तिच्या मनात काडीचीही शंका नव्हती. वर ‘गॅव्हिन रॅमेज’, त्याखाली जन्म आणि मृत्यू, मग ‘ग्लेनबराच्या प्रेस्बिटेरियन चर्चला जमीन देणारा’, आणि शेवटी ‘अमुक आणि तमुक यांचा मुलगा’. अमुक आणि तमुक तेवढे सापडायचे होते. दगड घासूनपुसून होईपर्यंत तेही सापडतील असं तिला वाटलं. दगड घासून झाला, कोरून झाला, क्लॅरीच्या शेडमध्ये उभा राहिला, त्याच्यावर कोंबड्या बसायला लागल्या, आणि शेवटची ओळ अजून कोरीच होती.

क्लॅरी हा गावातला दगड कोरणारा, लहानपणी मॉर्नाच्याच वर्गात गणितात गटांगळ्या खाल्लेला. ती निवृत्त होऊन जमाना झाला, तरी तो तिला अजून बाईच म्हणायचा.

“बाई,” तो म्हणाला, “तुमचं रॅमेजांचं संमेलन ऑक्टोबरात. ऑगस्ट संपत आला. शुक्रवारपर्यंत नावं द्या, नाहीतर मी ‘कुणाचा तरी मुलगा’ असं कोरून टाकतो. त्यात खोटं काही नाही.”

“माझ्या पूर्वजाच्या दगडावर विनोद नकोत, क्लॅरी.”

“मग रॅनाल्डसाहेबांचं कोरू? ते रोज फोन करतात.”

रॅनाल्ड हा मॉर्नाचा चुलतभाऊ, सिडनीत दाताचा डॉक्टर. त्याच्याकडे उत्तर कधीचं तयार होतं. त्याच्या मते गॅव्हिन हा स्कॉटलंडमधल्या कुठल्याशा किल्लेदाराचा धाकटा मुलगा, बापाशी भांडून ऑस्ट्रेलियाला आलेला. त्या किल्ल्याचा मोठा फोटो त्याने दवाखान्यात खुर्चीच्या बरोबर समोर लावला होता. पेशंट आ वासून पडलेला असताना तो ही कथा सांगायचा, त्यामुळे आजवर कुणी हरकत घेतली नव्हती. पुरावा? पुरावा म्हणजे रॅमेजांचं नाक. असं नाक साध्या माणसाला येत नाही, असं त्याचं म्हणणं.

मॉर्नाला किल्ला हवा होता, हे खोटं कशाला बोला. पण खोटं कोरलेला दगड तिला नको होता. कागदावरचं खोटं फाडता येतं, दगडावरचं आपल्या पश्चात पोरं खरं म्हणून वाचत बसतात. संमेलनाला न्यूझीलंडपासून माणसं येणार होती, आणि दगडावरची चादर मॉर्नाच ओढणार होती. चादरीखालून एकतर कोरी ओळ निघणार होती, नाहीतर रॅनाल्डचा किल्ला.

शोधण्यात तिने कसूर केली नव्हती. गॅव्हिनच्या काळी या भागात चर्च नव्हतंच. धर्मगुरू घोड्यावरून यायचा आणि साठलेली लग्नं, बारशी, अंत्यविधी एका फेरीत उरकून पुढच्या वस्तीला जायचा. जोडप्याचं लग्न आणि त्यांच्या पहिल्या मुलाचा बाप्तिस्मा एकाच दुपारी व्हायचा, आणि त्याचं कुणाला काही वाटायचं नाही. या घोडेस्वारांच्या वह्या आता निरनिराळ्या गावांत विखुरल्या होत्या. मॉर्नाने प्रेस्बिटेरियन वह्या पाहिल्या, इंग्लंडच्या चर्चच्या पाहिल्या, मेथडिस्टांच्या पाहिल्या. एक पाद्री या बाजूला एकदाच आला होता आणि घोडा चोरीला गेल्यावर परत फिरकला नव्हता, त्याचीही वही तिने सोडली नाही. जहाजांच्या याद्यांत गॅव्हिन नव्हता. मृत्यूच्या नोंदीत आईबापांच्या रकान्यात त्याच्या मुलाने ‘माहीत नाही’ लिहून हात झटकले होते. घरच्या बायबलात बायकोचं नाव ‘ऑनर’, एवढंच.

शेवटी तिने सिडनीच्या दप्तरखान्यात फोन लावला. तिकडच्या माणसाने सगळं ऐकून घेतलं.

“आणि कॅथलिक वह्या?” तो म्हणाला.

“आम्ही प्रेस्बिटेरियन आहोत, पक्के प्रोटेस्टंट.”

“ते तुम्ही आहात, बाई. तुमच्या खापरपणजोबांना लग्न करायचं होतं. त्या वर्षी तिकडे फिरणारा धर्मगुरू एकच होता, आणि तो कॅथलिक होता. वही तुमच्याच गावात आहे, सेंट ब्रेंडनमध्ये.”

मॉर्नाने आभार मानून फोन ठेवला आणि बराच वेळ स्वयंपाकघरात नुसती उभी राहिली. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो असा. पण कळसा काखेत आहे हे तिला ठाऊक नव्हतं असं नाही. त्या काखेकडे बघायचंच नाही, हे रॅमेजांच्या घरात ठरलेलं होतं.

कारण सेंट ब्रेंडनची दप्तरं सांभाळत होती एल्स्पेथ. एल्स्पेथ ब्रॉफी, पूर्वाश्रमीची रॅमेज, मॉर्नाची सख्खी धाकटी बहीण.

चाळीसेक वर्षांपूर्वी एल्स्पेथने डेस ब्रॉफीशी लग्न करायचं ठरवलं. डेस सुताराचा मुलगा, हसरा, कष्टाळू आणि कॅथलिक. पहिल्या तीन गोष्टी बाबांनी ऐकल्याच नाहीत. “रॅमेजांच्या रक्तात आजवर एक कॅथलिक थेंब आला नाही,” ते गरजले, आणि जी मुलगी त्या चर्चची पायरी चढेल तिला हे दार बंद. एल्स्पेथ चढली. मॉर्ना घरात राहिली. बाबा वारले, आई वारली, पण दार तसंच राहिलं, कारण ते उघडायचं कुणी, हा प्रश्न होता. दोघी एकाच गावात, एकाच रस्त्यावर सामान आणायला जायच्या. मॉर्ना बँकेच्या बाजूने चालायची, एल्स्पेथ बेकरीच्या.

बोलणं व्हायचं ते वर्षातून एकदा, शेतकी प्रदर्शनात, तेही केकच्या तोंडून. दोघी फ्रूटकेकच्या स्पर्धेत उतरायच्या, आणि दोघी आईच्याच कृतीने करायच्या. एका वर्षी परीक्षकांना दोन्ही केकांत फरक करता येईना, तेव्हा पहिलं बक्षीस दोघींना विभागून दिलं. ती निळी फीत आजही प्रदर्शनाच्या कपाटात पडून आहे, कारण ती घ्यायला दोघींना शेजारी उभं राहावं लागलं असतं. सुंभ जळला तरी पीळ जात नाही, तो असा.

बुधवारी मॉर्नाने चांगला कोट घातला आणि सेंट ब्रेंडनच्या मागच्या घराची घंटा वाजवली. दार फादर शिबूंनी उघडलं. केरळचा हा तरुण धर्मगुरू तीन गावांची चर्चं एका जुन्या गाडीवर सांभाळायचा. गावातली भांडणं त्याला कुणी समजावून दिली नव्हती, त्यामुळे तो सुखी होता.

“जुनी वही बघायची आहे? या ना. एल्स्पेथबाई मागच्या खोलीत आहेत.” मग तिच्याकडे नीट बघून म्हणाला, “तुम्ही त्यांच्या बहीण का? नाक अगदी तेच. मग इतकं फिरून कशाला आलात? घरीच विचारायचं की.”

मॉर्ना त्याच्यामागून आत गेली.

मागच्या खोलीत एक हीटर, एक लोखंडी कपाट आणि टेबलामागे एल्स्पेथ. तिने चष्म्यावरून बघितलं. चहाचा कप बाजूला सरकवला.

“बसा,” ती म्हणाली. “काय हवं आहे आपल्याला?”

“एल्स्पेथ...”

“आपलं नाव?”

“माझं नाव तुला माहीत नाही?”

“नियम आहे. नाव सांगावं लागतं.”

“मॉर्ना रॅमेज.”

“कुणाची नोंद हवी?”

“गॅव्हिन रॅमेजची.”

“त्यांच्याशी आपलं नातं?”

“तुझं जे आहे तेच,” मॉर्ना म्हणाली.

एल्स्पेथने हे लिहून घेतलं नाही. उठून कपाट उघडलं, चामड्याच्या पाठीची एक लांबट वही काढली, टेबलावर ठेवली आणि खिडकीशी जाऊन विणायला बसली.

मॉर्नाने हातमोजे काढले. वही लॅटिनमध्ये होती, पण नावं ती नावंच. लग्न तिला पाचव्या मिनिटाला सापडलं. गॅव्हिन रॅमेज आणि ऑनोरा टायर्नी, सप्टेंबर अठराशे बेचाळीस. बाबांच्या रक्ताचा तो शुद्ध थेंब कॅथलिक धर्मगुरूसमोर उभा राहून लग्न करून मोकळा झाला होता. मॉर्नाला बाबांचा चेहरा आठवला, आणि हसू आलं ते तिने खोकल्यात लपवलं. पण लग्नाच्या नोंदीत आईबापांची नावं नव्हती. त्या काळच्या नोंदीत ती नसायचीच. तिने पुढची पानं चाळली, मागची चाळली. बाप्तिस्म्यांच्या भागात टायर्नी होते, ब्रॉफी तर पोत्याने होते, त्यांची तान्ही बाळं ओळीने होती. तिला हवं ते काहीच नव्हतं.

तिने हातमोजे परत चढवले. खिडकीतल्या सुया थांबल्या.

“सापडलं नाही?”

“नाही. आईबापांची नावं नाहीत.”

“तू काय बघितलंस?”

“बाप्तिस्मे बघितले. सगळी बाळं बघितली.”

“अगं बये,” एल्स्पेथ म्हणाली, “तो इथे आला तेव्हा एकतीस वर्षांचा घोडा होता. तू बाळं कसली शोधतेस? माणूस शोध.”

मॉर्नाने पुन्हा पान उलटलं. लग्नाच्या आदल्या दिवशीची तारीख. बाळांच्या रांगेत, एका तीन आठवड्यांच्या ब्रॉफीच्या आणि जुळ्या मुलींच्या मधोमध, गॅव्हिन रॅमेज, मघाशी तिने त्याचंच नाव दिलेलं बाळ समजून ओलांडलेला, वय वर्षं एकतीस.

“हे काय आहे?”

“सशर्त बाप्तिस्मा. लग्नाआधी त्याला कॅथलिक करून घेतलं. आधी एकदा झालेला होता, पण प्रेस्बिटेरियन पाणी लागलं की नाही, याची धर्मगुरूला खात्री नसणार. म्हणून लागलं नसेल तर हे धरा, या शर्तीवर परत डोक्यावर ओतलं.” एल्स्पेथ आता तिच्या खांद्यामागे येऊन उभी होती. “आणि बाप्तिस्मा म्हटला की आईबाप लिहावेच लागतात. बाळाचा असो नाहीतर बाप्याचा. वाच.”

“मला लॅटिन येत नाही.”

“बाबांनी शिकू दिलं नाही. पोपची भाषा ना ती.” तिने ओळीवर बोट ठेवलं. “जेम्स रॅमेज आणि मार्था टेट यांचा मुलगा. आणि इथे समासात, बाप स्कॉटलंडात, फाइफच्या किनाऱ्यावर मीठ आटवणारा मजूर.”

“मीठ?”

“समुद्राचं पाणी कढईत उकळायचं. मीठ.”

एवढ्या वर्षांचा किल्ला असा एका ओळीत कढईत विरघळला, आणि नवल म्हणजे मॉर्नाला त्याचं फारसं दुःख होईना. जेम्स आणि मार्था. हाताला लागावीत अशी नावं होती.

“आणि हा शेवटचा शब्द?” तिने विचारलं.

“पाखंड सोडून आला, असं लिहिलंय.”

“कुठलं पाखंड?”

“आपलं,” एल्स्पेथ म्हणाली. “म्हणजे आता फक्त तुझं.”

यावर मात्र मॉर्नाला खोकल्याचा आधार घेता आला नाही. ती हसली, आणि हसता हसता तिच्या लक्षात आलं की आपण डोळे पुसतो आहोत. एल्स्पेथने बिस्किटांचा डबा पुढे सरकवला.

“तुला हे कधी कळलं?” मॉर्नाने विचारलं.

“झाली वीस वर्षं. हे काम घेतलं तेव्हाच.”

“वीस वर्षं! आणि मी गावोगाव वह्या धुंडाळत हिंडते आहे, हे तुला दिसत होतं?”

“चांगलं दिसत होतं. बेकरीच्या बाजूने बँकेची बाजू स्पष्ट दिसते.”

“मग सांगितलं का नाहीस?”

“मागितल्याशिवाय नोंद द्यायची नाही, असा नियम आहे.” तिने डब्याचं झाकण लावलं. “आणि खरं सांगू? बाबा जिवंत असते तर ही वही त्यांच्या तोंडावर नेऊन आपटली असती. पण ते गेले होते. मेलेल्या माणसाशी काय भांडायचं. जिवंत होतीस ती तू. मला वाटलं, बघू, आमची मॉर्ना कधी मागायला येते. नोंद नाही मागितली तर निदान कपभर साखर तरी.”

“मी लग्नाला यायला हवं होतं,” मॉर्ना म्हणाली. हे वाक्य तिने मनात इतक्यांदा म्हटलं होतं की तोंडातून निघालं तेव्हा तिला ते जुनंच वाटलं. “पायरी चढायची हिंमत झाली नाही. पण आले होते मी. समोरच्या फुटपाथवर उभी होते.”

“माहीत आहे. हिरवी टोपी घातली होतीस. लपायला निघालेल्या माणसाने हिरवी टोपी घालू नये.” एल्स्पेथने वही मिटली. “डेस म्हणाला, हाक मार. मी म्हटलं, ती येईल आपणहून. दोघी एकाच बापाच्या. चल, उठ. तुला आणखी एक दाखवायचंय.”

ग्लेनबराची दफनभूमी गावाबाहेर टेकडीच्या उतारावर आहे. मधून खडीचा रस्ता जातो. त्याच्या एका बाजूला प्रेस्बिटेरियन, दुसऱ्या बाजूला कॅथलिक, आणि पलीकडे कोपऱ्यात उरलेले. दारात पोचताच एल्स्पेथने गाडीतून छत्री काढली. आकाश निरभ्र होतं.

“छत्री कशाला?”

“मॅगपाय. घरट्यात अंडी आहेत त्याच्या. प्रेस्बिटेरियन बाजूच्या निलगिरीवर राहतो, पण टोचतो दोन्ही पंथांना सारखाच. ये आत.”

तेवढ्यात काळ्यापांढऱ्या पंखांचा फटकारा मॉर्नाच्या कानाजवळून गेला आणि ती एका उडीत छत्रीखाली शिरली. चाळीस वर्षांत दोघींचे खांदे पहिल्यांदा एकमेकींना लागले, ते असे पक्ष्याच्या कृपेने.

गॅव्हिनचं थडगं मॉर्नाला पाठ होतं. प्रेस्बिटेरियन भागाच्या अगदी तळाशी, शेवटच्या रांगेत, रस्त्याला खेटून. चर्चला जमीन देणाऱ्या माणसाने टेकडीवरची मोक्याची जागा सोडून ही पाणी साचणारी कड का घेतली, याचं उत्तर ती रविवारच्या शाळेत मुलांना सांगत आली होती. नम्रपणा.

“नम्रपणा कसला,” एल्स्पेथ म्हणाली. “इकडे बघ.”

रस्त्याच्या दुसऱ्या बाजूला, गॅव्हिनच्या बरोबर समोर, कॅथलिक भागाच्या पहिल्या रांगेत गुडघ्याएवढा एक दगड होता. कुणीतरी त्याच्यावरची शेवाळ नेमाने घासत असावं. ‘ऑनोरा रॅमेज.’ गॅव्हिनच्या पाच वर्षं आधीची तारीख.

“पुढे तुमचा प्रेस्बिटेरियन पाद्री गावात आला, तेव्हा गॅव्हिन परत उडी मारून इकडे आला,” एल्स्पेथ म्हणाली. “जमीन दिली, मुलांना घेऊन आला. ती नाही आली. ती गेली तेव्हा तिला तिच्या बाजूला ठेवावं लागलं, आणि त्याच्या लोकांनी त्याला तिथे पुरू दिलं नसतं. मग त्याने हद्द गाठली. जितकं जवळ येता येईल तितकं.”

“आम्हाला तिचं धड नावसुद्धा माहीत नव्हतं.”

“कसं असेल? तुम्ही सगळे किल्ला शोधत होता. बायको कुणी शोधली?”

मॉर्ना दोन्ही दगडांकडे आळीपाळीने बघत राहिली. ऑनोराच्या शेजारी एक नवा दगड होता, त्यावर ‘डेस्मंड ब्रॉफी’, आणि त्याला लागून मोकळं गवत. ते गवत कुणासाठी राखलंय हे विचारायची गरज नव्हती. डेसच्या अंत्ययात्रेच्या दिवशी मॉर्ना दफनभूमीच्या वाटेवरच्या पेट्रोल पंपावर गाडीत बसून होती. टाकी भरलेली असतानाही तिने तेव्हा परत पेट्रोल मागितलं होतं, म्हणजे तिथे थांबायला निमित्त मिळेल. हे तिने आत्ता एल्स्पेथला सांगून टाकलं. एल्स्पेथने तिचं कोपर घट्ट धरलं आणि छत्री खाली घेतली, कारण मॅगपाय परत आला होता.

शुक्रवारी सकाळी मॉर्नाने क्लॅरीला नावं दिली, आणि एक जास्तीची ओळ. ‘जेम्स आणि मार्था रॅमेज यांचा मुलगा. समोरच्या ऑनोराचा नवरा.’

“समोरच्या?” क्लॅरीने विचारलं. “दगडावर असं कुणी लिहीत नाही, बाई.”

“तू कोर. व्याकरण मी बघते.”

तिथून ती वॉल डंकनकडे गेली. प्रेस्बिटेरियन दफनभूमीचा कारभार त्याच्याकडे. मॉर्नाची जागा टेकडीच्या माथ्यावर राखलेली होती, आईबाबांच्या शेजारी, सगळी दरी दिसेल अशी. ती बदलून हवी म्हटल्यावर वॉलने नकाशा पसरला, आणि तिने बोट ठेवलेली जागा पाहून डोकं खाजवलं.

“ही? शेवटच्या रांगेत? मॉर्ना, तिथे पाणी साचतं. शिवाय समोर सगळे कॅथलिक.”

“मला नकाशा वाचता येतो, वॉल.”

“आणि बाबांच्या शेजारची जागा?”

“राहू दे रिकामी. बाबांना ऐसपैस आवडायचं.”

संमेलनाला ऐंशी रॅमेज आले. मॉर्नाने चादर ओढली. रॅनाल्डने शेवटच्या ओळी दोनदा वाचल्या, मग दोनदा स्वतःच्या नाकाला हात लावला. जेम्स कोण होता, हे मॉर्नाकडून ऐकल्यावर “मीठ आटवणारा?” असं तो म्हणाला, आणि तिने त्याला सांगितलं की दातांना मीठ चांगलंच असतं, तेव्हा फोटो बदलायला हरकत नाही. चहाच्या टेबलावर दोन फ्रूटकेक शेजारी शेजारी होते. कुठला कुणाचा हे कुणाला ओळखता येईना, आणि दोघी सांगेनात.

मंडळी खाण्यात गुंतल्यावर एल्स्पेथ छत्री घेऊन तिच्याजवळ आली.

“वॉल सांगत होता, तू जागा बदललीस. डेसच्या शेजारी जी माझी, तिच्या बरोबर समोर.”

“हो.”

“मला विचारलंस?”

“विचारल्याशिवाय काही सांगायचं नाही, हा तुझाच नियम.”

एल्स्पेथने खडीच्या रस्त्याकडे बघितलं. या टोकापासून त्या टोकापर्यंत नजर नेली.

“मध्ये रस्ता आहे, मॉर्ना.”

“गॅव्हिनचं भागलं ना तेवढ्यात.”

एल्स्पेथने छत्री उघडून दोघींच्या डोक्यावर धरली.

“खरंय,” ती मग म्हणाली. “आणि माझ्या लग्नाच्या दिवशी होता, त्याच्यापेक्षा अरुंदच आहे.”